कमरेचं सोंग

पुस्तकं बांधणारा बाइंडर सकाळी आठला दुकान उघडायचा आणि त्याची मुलगी साडेनऊला, भिंत धरत धरत यायची. एवढ्या एका गोष्टीवरून त्या घरात सहा वर्षं धुसफूस चालली होती.

अठराव्या वर्षी तिची कंबर दुखू लागली. एक्स-रे काढला, स्वच्छ. मणक्याचा एमआरआय केला, त्यातही काही नाही. एका डॉक्टरांनी गादी बदलायला लावली. आत्या म्हणाली, लग्न झालं की जाईल. दुसऱ्या डॉक्टरांनी पंधरा दिवस सक्त विश्रांती सांगितली. त्यातून पोरगी उठली ती आणखीच आखडून. तेव्हा बापाचा विश्वास उडाला. सकाळी जिला मोजे चढवता येत नाहीत, तीच दुपारी पुस्तकांचे गठ्ठे उचलते, हे तो रोज डोळ्यांनी बघत होता. सोंग आहे सगळं, असं तो गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा. आई आधी मध्ये पडायची. पुढे तीही थकली.

मुलीनं मग सांगणंच सोडलं. पहाटे दुखण्यानं जाग आली की कुणाला कळू नये म्हणून ती अनवाणी येरझाऱ्या घालायची. कधी कधी तिला स्वतःलाच वाटायचं, आपण खरंच कामचुकार असू.

एका सकाळी ती न्हाणीघरात खाली बसली ती उठेचना. आईनं दार वाजवलं. आतून शांत आवाज आला, "राहू दे आई. मला आता उठायचंच नाही."

हे बोलणं त्या फरशीपुरतं नव्हतं. बापाला ते कळलं आणि त्यानं तिला उचलून तडक रुग्णालयात नेलं. तरी घाबरलेला माणूस आधी चिडतोच. सरकारी रुग्णालयात म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंसमोर फाइल ठेवून त्यानं सगळं ओकून टाकलं.

"सकाळी मेल्यासारखी असते, दुपारी ठणठणीत. काम केलं की बरी, सुट्टीला लोळली की जास्त दुखतं. असं कुठं दुखणं असतं का?"

बाईंचं पेन थांबलं. "हे परत सांगा, सावकाश," त्या म्हणाल्या.

त्यानं परत सांगितलं. बाईंनी मुलीला विचारलं, कधी डोळा लाल होऊन दुखला होता का? दोनदा, ती म्हणाली. डोळे आलेत म्हणून थेंब घातले होते.

"साधी कंबरदुखी विश्रांतीनं बरी होते," बाई बापाला म्हणाल्या. "विश्रांतीनं वाढते आणि हालचालीनं कमी होते, ती बहुधा आतल्या सुजेची असते. डोळाही त्याच सुजेनं लाल होतो. अशा रोग्यांचं निदान कित्येक वर्षं उशिरा होतं, बायकांचं तर आणखी उशिरा, असं अभ्यासातून दिसलंय. तुम्ही हिच्याविरुद्ध पुरावा म्हणून जे सांगताय ना, तीच रोगाची लक्षणं आहेत."

मग रक्त तपासलं आणि मणक्याच्या तळाशी असलेल्या सांध्यांचा एमआरआय केला. तिथं आजवर कुणी बघितलंच नव्हतं. सूज स्पष्ट दिसत होती. औषध आणि रोजचा व्यायाम यांनी ती आटोक्यात राहील, बाई म्हणाल्या. पण सांध्याची जी झीज झाली ती भरून येणार नाही.

औषधाच्या खिडकीसमोरच्या बाकावर बापलेक बसली. मुलगी रडत होती. रोग निघाला म्हणून नव्हे, आपण खोटं बोलत नव्हतो, हे आज कुणीतरी मोठ्यानं म्हटलं म्हणून. बापाला माफी मागायची होती. माफीऐवजी त्यानं सहा वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला.

"कुठं दुखतं गं तुला?"

ती सांगत गेली. खिडकीवर त्यांचा नंबर पुकारला गेला, तरी तो तिचं संपेपर्यंत उठला नाही.

मंडळी, फोटोत दिसलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. घरात, कचेरीत कुणी कंबर धरून बसलं, तर शेरा मारण्याआधी विचारा, केव्हा दुखतं, कशानं थांबतं? त्या बापानं हे पहिल्याच वर्षी विचारून डॉक्टरांना सांगितलं असतं, तर लेकीचे सांधे कदाचित वाचले असते.