करंटच्या डब्याने धरलेला डूख

मी एक जुना करंटचा डबा आहे, मित्रांनो. माझं खरं नाव लांबलचक आहे आणि ते घ्यायच्या फंदात कुणी पडत नाही. हाताच्या नसा नीट चालतात की नाही, हे मी तपासतो. मनगटावर बारीकसा झटका देतो, तो नसेतून पुढे पोचायला किती वेळ लागला ते मोजतो आणि पडद्यावर एक लाट काढून दाखवतो. लाट वेळेवर उठली तर नस धडधाकट. उशिरा उठली तर ती कुठेतरी दबलेली आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. मी डूख धरतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा काय थाट होता! दवाखान्यात आलो तर डॉक्टर मंडळी मला बघायला गोळा झाली होती. मोठमोठे लोक माझ्यापुढे बाह्या सरसावून गुपचूप बसायचे. पुढे वरच्या मजल्यावर नवं, चपटं, गोरंगोमटं यंत्र आलं आणि मी खालच्या खोलीत, खिडकीजवळच्या गाड्यावर येऊन पडलो. गाड्याचं एक चाक कुरकुरतं, त्याला कुणी तेल घालत नाही. माझ्या डोक्यावर लोक चहाचे कप ठेवतात. तेही मी लक्षात ठेवलं आहे. पण आज सांगायचं आहे ते एका माणसाबद्दल.

पडदे आणि सोफ्याच्या खोळी शिवणारं एक दुकान होतं. दुकान सासूबाईंचं, आणि जाड कापडाची सगळी कापणी थोरल्या सुनेकडे. ती वजनदार कात्री दिवसभर चालवून तिच्या हाताची बोटं बधिर झाली. कात्री हातातून निसटायला लागली, ब्लाउजची हुकं लागेनात. म्हणून ती माझ्याकडे आली. सोबत धाकटा दीर होता. तो दाराला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, पुरे करा की नाटकं. कापायचा कंटाळा आलाय म्हणा सरळ."

मग त्या गृहस्थाने माझ्या पाठीवर थाप मारली. "आणि हा भंगार डबा काय सांगणार डोंबल!"

मित्रांनो, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण करंट किती सोडायचा हे माझ्या हातात नसतं, ते तपासणाऱ्या ताई ठरवतात. त्यांनी आधी कोमट पाण्याचं घमेलं आणलं आणि सुनेचा हात त्यात बुडवला. "गार हाताची नस रेंगाळते," त्या म्हणाल्या. "चांगल्या हातालाही मग उगाच आजारी ठरवलं जातं." दीर ऐकत होता. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तपासणीत अंगठ्याकडच्या बोटांची लाट उठलीच नाही. पडदा सपाट. मनगटातल्या अरुंद बोगद्यात तिची नस पार चेपली गेली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो बोगदा मोकळा केला.

त्यानंतर ती शेजारच्या खोलीत व्यायामाला येऊ लागली. मधलं दार उघडंच असतं, त्यामुळे मला सगळं दिसायचं. रात्री हाताला येणाऱ्या मुंग्या लवकर थांबल्या म्हणून ती खुशीत होती. पण तळहाताच्या मुळाशी असं दुखायचं की टेबलावर हात टेकून उठता येईना. स्पंज पिळायला दिला तर अर्धं पाणी आतच. मणी उचलायला दिले तर ते टपटप खाली. एकदा पाण्याचा नळ बंद होईना म्हणून ती बेसिनपाशी उभी राहून रडली. मी बघत होतो आणि त्या दिराचा चेहरा आठवत होतो. तिकडे दुकानात तिच्या टेबलावर तो कापणी करत होता, आणि ते टेबल सोडायचा त्याचा विचार नव्हता.

हळूहळू स्पंज कोरडा पिळला जाऊ लागला. तिने टेबल परत मागितलं. दीर म्हणाला, हात अर्धवट आहे, महागाचं कापड वाया घालवेल. घरात रोजची धुसफूस. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "पुन्हा तपासून घे. नस सुधारली असेल तर टेबल तुझं. नसेल तर कापणी कायमची धाकट्याकडे, तू पडद्यांना हूक लावत बस."

तिघं आली तेव्हा कडक उन्हाळा होता. बाहेरच्या बाकावर दिराने गोठलेल्या पाण्याची बाटली पिशवीतून काढली. "वहिनी, एवढी धरा हो. मला फोन आलाय." फोन काही संपेना. ती बिचारी ऑपरेशनच्या हातात बाटली धरून बसून राहिली. मी आतून बघत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं.

ताईंची चूक एवढीच झाली की अशा उकाड्यात कुणाचा हात गार असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. घमेलं कोपऱ्यातच राहिलं. हातात रबरी मोजे घालून त्यांनी तिच्या हातावर माझ्या तारांच्या चकत्या चिकटवल्या आणि झटका दिला. लाट उठली, पण रेंगाळत. मी काय करणार? खोटं बोलायची सोय माझ्यात केलेलीच नाही.

"बघ आई! मी म्हणत नव्हतो?" दीर म्हणाला. सासूबाईंनी मान खाली घातली. सून आपल्या तळहाताकडे बघत राहिली.

मग ताईंनी मोजे काढले आणि चकत्या सोडवायला तिचा हात धरला. "अहो, हात बर्फ झालाय की तुमचा!"

"बाटली धरली होती ना. भाऊजींनी दिली होती."

सासूबाईंनी बाटलीकडे बघितलं, मग मुलाकडे. ताईंनी कोपऱ्यातलं घमेलं ओढलं. हात चांगला उबदार झाल्यावर पुन्हा झटका दिला, आणि काय सांगू मित्रांनो, लाट उठली ती जवळजवळ वेळेवर! पूर्वी जिथे सपाट रेघ होती, तिथे आता झकास डोंगर होता.

"हा डबाच बिघडलाय," दीर चिडून म्हणाला. "घडीत एक, घडीत दुसरं!"

"मग तुमचा हात लावून बघू," ताई म्हणाल्या. "धडधाकट हातावर लगेच कळेल."

मागे फिरायची सोय नव्हती. तो स्टुलावर बसला. मित्रांनो, आयुष्यभर मी झटके दिले, पण तो मी मन लावून दिला. "आई गं!" असा ओरडला की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. लाट मात्र उठता उठेना. उठली ती भलतीच उशिरा.

"हात गरम आहे ना तुमचा?" ताईंनी शांतपणे विचारलं. "घामाने भिजलाय. म्हणजे कात्रीने तुमचीही नस दबलीय."

"म्हणजे रात्री हात झटकत उठतोस ते डास नव्हते तर," सासूबाई म्हणाल्या. आणि तिथल्या तिथे त्यांनी कात्री आणि टेबल सुनेला दिलं.

यथावकाश त्याचंही ऑपरेशन झालं. परवा तो तपासणीला आला होता, वहिनीसोबतच. तिने घमेल्यात कोमट पाणी ओतलं, त्याचा हात आत ठेवला आणि म्हणाली, "भाऊजी, पुरे करा की नाटकं." त्याने मान वर केली नाही. ती मात्र पाणी निवेपर्यंत त्याच्याजवळ बसून होती. तिने त्याला माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्या गाड्याच्या चाकाला तेल घाला, आणि हात दुखतो म्हणणाऱ्याला नाटकी म्हणू नका. म्हणायचंच असेल तर खुशाल म्हणा. मी इथेच आहे, खिडकीजवळ. येताना फक्त हात गरम असू द्या.