प्रमोदिनीची चाळिशी

मी प्रमोदिनीची चाळिशी बोलतेय. रागात बोलतेय, म्हणून आधीच सांगते, माझ्याकडून गोड काही ऐकायला मिळणार नाही.

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर एका गाड्यावर मी टांगलेली होते. रेणुकादासांनी मला उचललं, स्वतःच्या डोळ्यांना लावून मोबाइल वाचून पाहिला आणि बायकोसाठी घेऊन टाकलं. चष्मा तिला, पारख यांच्या डोळ्यांनी! तिथूनच माझं डोकं फिरलं.

तिच्या नाकावर मी कधी नीट बसलेच नाही. भाकरी थापताना घामानं घसरायची, वरणाच्या वाफेनं धुरकट व्हायची. शेजारणींचे ब्लाउज शिवता शिवता तिचं कपाळ ठणकायचं. एकदा मला काढायचं विसरून ती ओट्याची पायरी उतरली आणि घोटा मुरगळून खाली बसली. बघून चालता येत नाही का, हे वर तिनंच ऐकून घेतलं.

रेणुकादास तहसीलमध्ये नोकरीला. लग्नसमारंभात माइकवर बोलायची त्यांना भारी हौस. कागद बघायला चष्मा लावला की म्हातारा दिसतो, म्हणून त्यांनी लातूरला जाऊन लेझर करून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले ते प्रमोदिनीनं. बाटलीवरची बारीक अक्षरं ती माझ्यातूनच वाचायची. खोटं कशाला बोलू, त्यांना खरंच चांगलं दिसायला लागलं. आता बिनचष्म्याचे मिरवतात.

ते पाहून एकदा जेवताना ती म्हणाली, माझेही डोळे दाखवू या का? माझा जीव हरखला. होय, हरखला! माझी सुटका, आणि तिचीही.

रेणुकादासांनी ताटातून मान वर केली नाही. "तुला काय करायचंय लेझर? तुला कुठं चारचौघांत वाचायचंय?"

तिनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. मी तिच्या नाकावरून घसरले, तरी तिनं मला वर सरकवलं नाही.

पुढं सुटीला लेक इरा घरी आली. तिला हे कळलं तशी ती आईला घेऊन सरळ लातूरच्या डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून निवांत तपासलं. बुबुळावरचा पडदा पातळ आहे, लेझर करणं धोक्याचं, असं नीट समजावून सांगितलं. मग मला हातात घेतलं. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे आणि काचा मात्र सारख्या, तुमचं डोकं दुखत नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. लेझर होणार नाही हे ऐकून न रडलेली प्रमोदिनी त्या प्रश्नाला रडली.

माझ्याच फ्रेममध्ये तिच्या नंबरच्या काचा बसवून घेऊन आम्ही घरी आलो. रेणुकादास दारातच हसले. "मी आधीच म्हणलं होतं की न्हाई? उगंच हेलपाटा."

प्रमोदिनीनं मला बोटानं वर सरकवलं आणि त्यांच्याकडं रोखून पाहिलं.

"डॉक्टरीणबाई माझ्या डोळ्यांना नाही म्हणल्या. तुम्ही मला नाही म्हणला होतात."

माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. डोकं आता दुखत नाही तिचं, तरीही. तुम्ही लेझर करा, नाहीतर मला वापरा, मला दोन्ही चालतं. पण घरातल्या बाईला काय बघायचंय, हे परस्पर ठरवू नका. तिला विचारा.