बिघाडाचं कारण

तळेगावच्या रस्त्यावरच्या त्या ट्रॅक्टर गॅरेजात अपेक्षाचा आज एकोणिसावा दिवस होता, आणि एवढ्या दिवसांत तिनं जितका चहा ओतला होता त्याच्या निम्मंही इंजिन ऑइल ओतलं नव्हतं. अकरावीला तिनं ऑटोमोबाइल घेतलं होतं, वर्गातली एकटी मुलगी. वीस दिवस प्रत्यक्ष कामावर शिकायचं, हा शाळेचा नियम. गॅरेजचे मालक राजेंद्रभाऊ यांचा नियम वेगळा होता. पोरीनं काउंटरवर बसावं, गिऱ्हाइकाचं नाव-गाव लिहावं आणि पान्ह्याला हात लावू नये. "काही लागलं-खुपलं तर तुझ्या घरचे मला बोलतील," असं ते म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या लेकीची काळजी त्यांना जरा नको इतकी होती.

इकडे शाळेतल्या अनघा मॅडमनी दिलेल्या वहीतलं एक पान अजून कोरं होतं. 'स्वतः शोधलेला बिघाड' असं वर छापलेलं, खाली बिघाड, कारण आणि उपाय असे तीन रकाने, आणि तळाला उस्तादाच्या, म्हणजे गॅरेजमालकाच्या, सहीची जागा. ते भरलं नाही तर प्रॅक्टिकल नापास. आणि नापास झालं की तिचे वडील कैलास तिला कॉमर्सला घालणार, हे ठरल्यातच जमा होतं. कॉमर्सचं नाव काढलं तरी अपेक्षाच्या अंगावर काटा येई.

त्या सकाळी आंबी गावचे हनुमंतआबा ट्रॅक्टर घेऊन आले. आदल्या दिवशी, भाद्रपद अमावस्येला, इकडचा पोळा झाला होता. आबांच्या गोठ्यात आता बैल नव्हते, म्हणून सगळी हौस ट्रॅक्टरवर फिटली होती. बॉनेटला रंग, दिव्यांना बाशिंगं, स्टिअरिंगला गोंडे. एवढा नटलेला गडी गॅरेजच्या दारात मात्र काळा धूर ओकत, धापा टाकत उभा राहिला.

"काल सकाळपातूर लय झ्याक चालत व्हता," आबा उतरता उतरताच कडाडले. मडगार्डवर बसून आलेल्या त्यांच्या बायकोनं, चिमाबाईंनी, पदर सावरला आणि त्या मुकाट्यानं बाकड्यावर जाऊन बसल्या.

राजेंद्रभाऊंनी डिझेल फिल्टर बदलला. एअर फिल्टर उघडून पाहिला, तो लख्ख. डिझेल फवारणारे नोझल काढले, तपासले, परत बसवले. दुपार झाली तरी धूर काळाच.

"जमत नसंल तर सांगा, दुसरीकडं न्हेतो," आबा म्हणाले. भाऊंचे कान लाल झाले.

अपेक्षानं चिमाबाईंना चहा नेऊन दिला. त्यांचं चहाकडे लक्षच नव्हतं. भाऊंचा हात इंजिनाला लागला की चिमाबाईंचा जीव खालीवर होत होता. अपेक्षाला एकदम नवलाख उंबरे गावातली आपली आजी आठवली. काल पुरणपोळीचा घास हातात धरून तिनं घरच्या ट्रॅक्टरला दोन प्रदक्षिणा घातल्या होत्या आणि शेवटी विचारलं होतं, "याचं तोंड कुटं असतं गं?" बैलाला घास भरवल्याशिवाय पोळा होत नाही, मग ट्रॅक्टरचंही तोंड शोधणं आलंच. अपेक्षानं समोरची जाळी दाखवली होती. चिमाबाईंना कुणी काय दाखवलं असेल?

ती शेजारी टेकली. "मावशी, काल घास कुटं भरवला?"

चिमाबाईंनी आधी आबांकडे पाहिलं. "हळू बोल, बाई. आमचा नातू पप्पू म्हनला व्हता, त्यो वरच्या नळीतनं श्वास घेतो. म्हनलं, नाक तितं म्हंजी तोंड बी तितंच असनार. नळीची टोपी उचलून सारला आत. दोन घास दिले. वरीसभर राबतो की." त्यांनी पुन्हा आबांकडे पाहिलं. "ह्यांना कळलं तर मरंस्तोवर ऐकवत्याल मला."

अपेक्षाला हसू येत होतं, पण हसून चालणार नव्हतं. कारण बिघाड सापडला की तो सगळ्यांदेखत गिऱ्हाइकाला मोठ्यानं सांगायचा, ही भाऊंची पद्धत होती.

"भाऊ, मी हवेची नळी बघू का?"

"बघ बाई, तू तरी बघ," भाऊ वैतागून म्हणाले.

तिनं नळीचा पट्टा सैल केला. पाठमोरी होऊन वाकड्या तारेनं वळणात अडकलेला गोळा ओढून काढला, चिंधीत गुंडाळला, नळी आतून पुसली आणि परत जोडली. ट्रॅक्टर पहिल्या किल्लीला चालू झाला. धूर गेला.

आबांची कळी खुलली. "काय व्हतं गं पोरी?"

"नळी चोंदली होती, आबा."

"कशानं?"

सगळे तिच्याकडे पाहत होते. चिमाबाई तेवढ्या खाली बघत होत्या. कचरा म्हणावं, तर हातात नैवेद्य होता.

"ते न्हाई कळलं," अपेक्षा म्हणाली.

आबा हसले, म्हणाले, असू दे, आणि ट्रॅक्टरवर चढले. वळणापर्यंत चिमाबाई मागे वळून तिच्याकडे बघत राहिल्या.

अपेक्षानं वही उघडली. कारणाच्या रकान्यात तिनं 'समजले नाही' असं लिहिलं आणि वही भाऊंपुढे ठेवली. भाऊंनी वाचलं. "कारण समजलं नाही, मग शोधलंस काय? यावर सही कशी करू मी?"

अपेक्षानं चिंधी मुठीत आणखी घट्ट धरली. भाऊंनी तिच्या मुठीतली चिंधी ओढून घेतली, उलगडली, नाकाशी नेली. गूळ, वेलची आणि साजूक तूप. त्यांना सगळं समजायला फार वेळ लागला नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"मावशींना आबांच्याच ट्रॅक्टरवर बसून घरी जायचं होतं, भाऊ."

भाऊंनी चिंधी पुन्हा गुंडाळली आणि पेन घेतलं. 'समजले नाही' हे शब्द त्यांनी खोडले नाहीत. त्याखाली आपल्या अक्षरात 'उस्तादाला समजले' असं लिहिलं, सही ठोकली आणि वही तिच्या हातात दिली.

"उद्या क्लच खोलायचाय," ते म्हणाले. "येताना जुने कपडे घालून ये."