राजाने वाचलेला अहवाल

पुलांची तपासणी करणारे हे साहेब घरी एकाच गोष्टीवर चिडायचे, ती म्हणजे मुलीचा गेम. पोरगी कॉलेजातून आली की ड्रॅगन, जादूगार आणि टोकदार कानांच्या माणसांच्या राज्यात जाऊन बसायची. जे नाहीच त्यात काय ठेवलंय, हा त्यांचा रोजचा सवाल. स्वतः ते वास्तवात राहायचे. वास्तवात म्हणजे अशा कचेरीत, जिथे नदीवरच्या पादचारी पुलाला तडा गेल्याचा अहवाल त्यांनी अकरा वेळा, तीन-तीन प्रतींत दिला होता आणि अकराही वेळा त्यावर 'पाहिले' एवढाच शेरा पडला होता. कुणी काय पाहिले, ते देव जाणे. मुलगी रोज त्याच पुलावरून कॉलेजला जायची.

एका रविवारी बायको म्हणाली, नावं ठेवायचीच तर निदान खेळून तरी ठेवा. मुलीने त्यांना चिलखत चढवलं, हाती तलवार दिली आणि ड्रॅगनच्या गुहेची वाट दाखवली. वाटेत दगडी पूल लागला. साहेब थांबले. जित्याची खोड, ती चिलखत घालून थोडीच जाते? मागून राक्षस चालून येताहेत आणि हे गृहस्थ पुलाखाली उभे राहून तलवारीच्या मुठीने कमानी ठोकून बघताहेत. राक्षसांनी त्यांना तीनदा मारलं. तिसऱ्यांदा उठून ते थेट दरबारात गेले आणि राजाशी बोलायच्या वाक्यांच्या यादीतून त्यांनी 'पूल खचलाय' हे निवडलं.

राजा सिंहासनावरून उठला. "तुमच्यामुळे माझी माणसं वाचली," म्हणाला. साहेब परत येतात तो गवंडी कामाला लागलेले, आणि पुलाच्या तोंडाशी एक म्हातारी त्यांना दुवा देत उभी. साहेबांना रडू आलं. राजा खोटा, म्हातारी खोटी, रडू मात्र अस्सल. डोळ्यांत कचरा गेला, असं त्यांनी मुलीला सांगितलं आणि तिनेही मोठ्या मनाने ते मान्य केलं.

सोमवारी त्याच भरात त्यांनी बारावा अहवाल वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला आणि वाचल्याशिवाय हलणार नाही म्हणून तिथेच उभे राहिले. वरिष्ठांनी न वाचता 'पाहिले' लिहिलं आणि, तुम्ही कोणत्या जगात राहता हो, असं अगदी आपुलकीने विचारलं.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, आज तरी ड्रॅगन मारायचा का?"

"आधी उत्तरेकडचा पूल बघू. तिथे ऐकतात." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "आणि उद्यापासून कॉलेजला लांबच्या रस्त्याने जायचं. अर्धा तास लवकर ऊठ, मी सोबत येतो."