बुरशीचा आळ

मी एक जुनी बांबूची टोपली आहे आणि मित्रांनो, मी भयंकर चिडले आहे. मी खाली निमुळती, वर रुंद. उकळत्या हंड्याच्या तोंडात मला बसवायचं आणि वाफेवर कंद शिजवायचे, एवढंच माझं काम. आमच्या जावा बेटावरच्या गुनुंगकिदुलच्या चुनखडीच्या डोंगरात भात थोडा आणि साबुदाण्याचे कंद फार. या घरची सून सुकिनेम, तिच्या सासऱ्यांनी मला विणलं. माझ्यावरचं झाकण उघडलं की अख्खं घर ताटल्या घेऊन चुलीशी यायचं. मग ॲल्युमिनियमचं चकचकीत भांडं आलं आणि मी खिळ्याला लटकले. माझ्यात लसूण ठेवू लागले. लसूण!

परवा सुकिनेमची थोरली नणंद तुमिनी पाटीभर कंद घेऊन आली. नवं शेत घेतलंय, त्यातलं हे पहिलं पीक, असं कौतुकाने सांगत होती. पाहुण्याने आणलेलं तिथल्या तिथे शिजवून त्याच्यापुढे ठेवायचं, ही आमची रीत. चकचकीत भांडं शेजारच्या कार्याला गेलेलं, म्हणून माझी आठवण झाली. कंद सोलता सोलता सुकिनेमने एक कपची जिभेला लावली आणि तिचा चेहराच उतरला. कंद कडू होते. ही जात कुंपणाला लावतात, रानडुकरं शिवत नाहीत म्हणून. कित्येक दिवस भिजवून वाळवल्याशिवाय ती विषच. तुमिनीने नव्या शेताचं कुंपण उपटून आणलं होतं.

पण थोरल्या नणंदेला तोंडावर सांगायचं कसं? मोठ्यांना चारचौघांत खजील करणं आमच्याकडे महापाप. सुकिनेमने मुकाट्याने कंद माझ्यात भरले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अगं बाई, तोंड उघड की! पण टोपलीचं कोण ऐकतंय?

रीतीप्रमाणे ताटली आधी तुमिनीपुढे आली. सुकिनेमची लेक रेत्नी शाळेतून भुकेली आली होती. तिने गरम तुकडा उचलला, खोबऱ्यात घोळवला आणि तोंडाशी नेला. सुकिनेमने झडप घालून तो हिसकावला.

"टोपलीला बुरशी आलीय," ती म्हणाली. "मेलीने सगळे कंद नासवले. कुणी खाऊ नका."

बुरशी? मला? पोरीचा जीव वाचला म्हणून मी तेही गिळलं असतं. पण मला कोंबड्यांच्या खुराड्यामागे भिरकावलं आणि तिथून मी तुमिनीला निघता निघता बोलताना ऐकलं. अर्धी पाटी उरलीच आहे, जाता जाता मावशीकडे देते, तिचं भांडं तरी धड आहे, असं ती म्हणत होती.

सुकिनेमने हातातली ताटली खाली टाकली. मग धावत फाटकाशी गेली.

"वन्सं, थांबा. टोपलीला काही झालेलं नाही. कंद कडू आहेत. मला सोलतानाच कळलं होतं."

तुमिनीने पाटी खाली ठेवली. "सोलतानाच कळलं? आणि तरी ताटली आधी माझ्यापुढे ठेवलीस?"

तुमिनीने पाटी तिथल्याच कचऱ्याच्या खड्ड्यात उलटी केली आणि निरोपही न घेता निघून गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू धुऊन, वाळवून, जपून ठेवा, हे तर मी सांगणारच. पण जे बोलायचं ते चूल पेटण्याआधी बोला. लाज वाटली तर वाटू दे, ती कुणाच्या पोटात जात नाही.

आणि मला कुणीतरी उचला. खरं काय ते आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मी अजून खुराड्यामागेच पडले आहे. मला बुरशी आलेली नाही.