साहेबांचा पडदा

रूथनं चालू सर्व्हरच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. तापलेला तवा परवडला. शेजारचा सर्व्हर मात्र गार होता. होळीच्या आधीच मेलेला.

मुळात दोन आणले होते ते एवढ्यासाठीच, की एक पडला तर त्याचं सगळं ओझं दुसऱ्यानं आपोआप उचलावं. त्यानं उचललंही. इतकं गुपचूप उचललं, की वरच्या कुणाला पहिला मेल्याचं कळलंच नाही. रूथनं कळवलं तेव्हा उत्तर आलं, 'काम चालू आहे ना? मग?' जोडीतला बैल मेला तर घरात चूल तरी पेटत नाही. इथं मेलेल्याचं जू जिवंताच्या मानेवर टाकून लोक म्हणत होते, बघा, एका बैलावरही नांगर चालतो!

तिच्यासमोर संगणकावरची ओझं दाखवणारी लाल रेघ चढत होती. कलेक्टर साहेबांकडे आज मुंबईचे पाहुणे होते. भिंतीपलीकडच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर जिल्ह्याच्या प्रगतीचा चालता-बोलता नकाशा लावला होता, आणि पाहुणे तोच नकाशा आपापल्या मोबाइलवर उघडून बोटांनी ताणत होते. त्या प्रत्येक बोटाचं ओझं या एका पेटीवर येत होतं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला रूपाली कानाला हेडफोन लावून बसली होती. अॅम्ब्युलन्सचे फोन ती घ्यायची. ते फोनही याच पेटीतून यायचे.

"नवलसिंगभाऊ, जागा सोडू नका," ती म्हणत होती. "रेंज जाईल. तिथूनच आईला ओरडून सांगा, रविनाला कुशीवर झोपवा म्हणा. बोटवाल्या वाहरूला लावतेच आहे मी फोन."

नर्मदेकाठच्या मणिबेली गावचा फोन होता; तिथं बोटीशिवाय पोचता येत नाही. बाई अडली होती, रक्त थांबत नव्हतं. तिचा नवरा रेंजसाठी टेकाडावर चढून उभा होता. रूपालीच्या दुसऱ्या हातात तिचा स्वतःचा मोबाइल होता आणि त्यावर वाहरू लागत नव्हता. टेकाडावरची ही लाइन एकदा तुटली, की पुन्हा जुळेल याची हमी देवही देत नाही.

दार धाडकन उघडलं. नवनीत पाटील, रूथचा वरिष्ठ. म्हसावदचा, कायम नोकरीतला. सभागृहातून पळत आला होता.

"रूथ! पडदा अडकी ऱ्हायना! साहेब मन्हाकडे डोया काढी ऱ्हायनात."

"एका मशीनवर इतकं मावत नाही, नवनीतभाऊ. काहीतरी एक बंद करावं लागेल. नाहीतर ही पेटीच गोठेल आणि दोन्ही जातील."

"मंग कर ना बंद. अॅम्ब्युलन्सवालं कर. दहा मिनिटनी तं गोष्ट शे."

"फोन चालू आहे."

"परत करतीन त्या डोंगरवाला लोक. त्यासले काय, सवय शे."

रूथनं माऊस हातात घेतला. खांडबाऱ्यातल्या तिच्या आदिवासी घरीही कधीकाळी असंच कुणीतरी अॅम्ब्युलन्सची वाट बघत बसलं असेल, हे नवनीतच्या गावीही नव्हतं. तिचा करार अकरा महिन्यांचा. दर अकराव्या महिन्याला त्यावर याचाच शेरा लागायचा.

"हात चालव, बाई!"

तिनं माऊस 'अॅम्ब्युलन्स' या नावावर नेला. नवनीतनं सुस्कारा सोडला. मग बाण एक ओळ वर, 'नकाशा'वर सरकला, आणि तिनं बटण दाबलं.

पंख्यांची घरघर उतरली. लाल रेघ खाली आली. भिंतीपलीकडे माइकवर बोलणारा आवाज मध्येच थांबला आणि खुर्च्या सरकल्या.

"काय करी टाकं तू?" नवनीतचा आवाज पार बारीक झाला. "तुन्ही नोकरी गयी. मन्हीबी गयी!"

"तुमची जात नसते, नवनीतभाऊ. फार तर बदली होते."

त्याचा मोबाइल वाजला. साहेब. त्यानं तो उचलला नाही, नुसताच हातात धरून उभा राहिला. तेवढ्यात रूपाली खुर्चीतून अर्धी उठली.

"नवलसिंगभाऊ, ऐकू येतं का? लागला वाहरू! बोट निघाली! तुम्ही हलू नका, मी आहे इथं, मी फोन ठेवत नाही!"

मोबाइल वाजतच होता. नवनीतनं रूपालीकडे पाहिलं, रूथकडे पाहिलं, घसा खाकरला आणि फोन कानाला लावला. आता त्याची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली.

"सर. हो सर. दुसरंही मशीन गेलं, सर. दोन्ही बंद. नाही सर, कुणाची चूक नाही, दोन्ही मेली... आजच? हो सर. लगेच गाडी पाठवतो, सर."

त्यानं फोन खाली घेतला. "नवं मशीन येई ऱ्हायनं," तो म्हणाला. "आजच. नाशिकथून."

होळीपासून खरं सांगून जे हललं नव्हतं, ते एका थापेनं घटकाभरात हललं. रूथला हसू यायला हवं होतं. आली ती भीती.

"पण दोन्ही मेली म्हणालात तुम्ही. मग अॅम्ब्युलन्सचे फोन कसे चालू, असं साहेबांनी विचारलं तर?"

नवनीत रुमालानं मान पुसत होता. त्याचा हात थांबला. रूपाली त्यांच्याकडे पाठ करून टेकाडावरच्या माणसाशी बोलत होती. त्यानं तिच्या पाठीकडे पाहिलं, मग नजर जमिनीवर नेली.

"कोन इचारी, रूथ?" तो म्हणाला. "त्या फोन चालू शेत का बंद, हाई वरतून आजलगून कोनी इचारं का?"