तीन तोट्या

"हॅलो, कारखाना!" ताई ओरडली. लेथच्या घरघरीत हळू बोलून भागायचं नाही.

"बाबांना लगेच पाठवा हो. आईचं काही खरं नाही," पलीकडून साहेबाचा मुलगा बोलत होता.

बाबा म्हणजे साहेब. एके काळचा मुकादम. आता कोपऱ्यातल्या मशीनवर नळाच्या तोट्यांना आटे पाडायचा, पण चेष्टेत 'साहेब' तेवढं राहिलं होतं. ताईने फोन ठेवला आणि सरळ आपल्या मशीनवर जाऊन उभी राहिली. बस म्हणावं मेल्या!

अठरा वर्षांपूर्वी तिचे वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला होता. तेव्हा फोन मुकादमाच्या केबिनमध्ये असायचा. त्याने निरोप पाळी सुटल्यावर दिला. वर म्हणाला, "तोट्या अर्ध्यावर टाकून पळाली असतीस." ती घरी पोचली तेव्हा वडिलांची चादरसुद्धा धुऊन वाळत पडली होती.

पुढे मालकाने कारखाना मोडीत काढला आणि कामगारांनी मिळून विकत घेतला. मुकादम हात जोडत आला. त्याला भागीदार करून घ्यायचं का, यावर मतं पडली. विरोधात हात ताईचा एकटीचा.

"जाऊ दे ना ताई," सगळे म्हणाले. का म्हणून जाऊ दे?

एक तोटी झाली. दुसरी झाली. कोपऱ्यात तो मान खाली घालून काम करत होता. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला!

तिसरी काढून तिने वर पाहिलं. फोनच्या वर खांबाला पाटी होती, तिच्याच अक्षरात. नियम पहिला: फोन सगळ्यांच्या मधोमध राहील. उचलेल त्याने निरोप ताबडतोब द्यायचा आणि जाणाऱ्याचं काम पुरं करायचं. खाली सगळ्यांच्या सह्या, पहिली तिची. मालकीण झाल्याचा तिला आज पहिल्यांदाच संताप आला.

ती तरातरा कोपऱ्यात गेली. "साहेब, घरी जा. बायकोचं जास्त झालंय."

"कधी आला फोन?"

"तीन तोट्या झाल्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग एप्रनसकट पळत सुटला.

पाळी सुटायच्या सुमारास पुन्हा फोन वाजला.

"ताई, पोचलो होतो मी. पाणी मागितलं तिने. माझ्या हातून प्यायली. मग गेली."

"बरं," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. मिळालं मेल्याला! तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती दुःखाची नव्हती.

सगळे हात धुऊन निघाले. त्याच्या टोपलीत अजून अकरा तोट्या बाकी होत्या. ताईने पदराने डोळे पुसले आणि घरी जायच्या आधी त्या अकरा मोजूनमापून, नीट, आटे पाडून ठेवल्या.